मावशी, भाकर कोणाला द्यायची?

मावशी, आज तुझा बारावा दिवस. शेजारच्या बायका सकाळपासून विचारतात, "काय करणार गो आज?" मी सांगते, काही नाही. तू बजावून ठेवलं होतंस. बारावं नाही, तेरावं नाही, फोटोला हार नाही, आणि माझ्या नावानं कोणाला जेवायला घालायचं असेल तर मी जिवंत असताना घाला. म्हणून काही करत नाही. पण नुसतं बसवत नाही. अनंत फर्स्ट शिफ्टला गेला, भांडी झाली, आणि सायलीची अर्धी कोरी वही घेऊन मी बसले आहे. आपलं भांडण अर्धं राहिलंय. तू गेलीस म्हणून ते मिटलं असं मी धरणार नाही.

लोक तुला प्रेमळ म्हणतायत. तू प्रेमळ नव्हतीस. निदान पहिल्या भेटीत तरी नव्हतीस. अकरा वर्षांपूर्वी मी पेणला तुझ्या दारात काम मागायला आले तेव्हा माझा ओठ फाटलेला होता, डोळ्याखाली काळंनिळं होतं आणि कडेवर दीड वर्षाची सायली होती. तू माझ्या तोंडाकडं पाहिलंच नाहीस. हातांकडं पाहिलंस.

"पापड लाटता येतात?"

"येतात."

"बस मग."

तीन दिवस तू मला एक शब्द विचारला नाहीस. बाकीच्या बायका चोरून बघायच्या. तू सायलीला पोह्याच्या पिठाची एक लाटी हातात द्यायचीस आणि तुझ्या कामाला लागायचीस. चौथ्या दिवशी, मान वर न करता म्हणालीस, "कोण मारतो?"

"नवरा."

"पितो?"

"व्हय."

"विश्वासी हाय?"

मी हो म्हटलं. तेव्हा मात्र तू लाटणं खाली ठेवलंस.

तोपर्यंत मला वाटायचं, सोसणं हाच माझा विश्वास. आम्ही तेव्हा पेणजवळ गडबला राहायचो. लग्नानंतर दोन वर्षांनी आम्ही दोघं विश्वासात आलो, येशूला मानू लागलो, आणि बाहेरून एक ब्रदर दर आठवड्याला प्रार्थनेला यायचे. अनंत त्यांच्यापुढं गुडघ्यावर बसून ढसाढसा रडायचा. ते त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचे, झाली क्षमा. मग माझ्याकडं वळून म्हणायचे, "ताई, देवानं क्षमा केली, आता तुम्हीपण करा." मी करायचे. आठ-दहा दिवस बरे जायचे. मग परत ओठ फाटायचा, परत रडणं, परत डोक्यावर हात. मी हे तुला सांगितलं तेव्हा तू एवढंच म्हणालीस, "क्षमा झाली त्याची. ओठ फाटला तुझा. ह्याच्यात तुला कोणी इचारलं काय?"

मला तोवर कोणी विचारलं नव्हतं.

तुझ्या पुढच्या खोलीत रविवारी प्रार्थनेला वीस-पंचवीस माणसं जमायची, ती तुझी मंडळी, आणि भिंतीवर तुझ्या अक्षरातला कागद चिकटवलेला असायचा. निळ्या पेनानं लिहिलेला. दारू प्याला तर तीन महिने मागच्या बाकावर, प्रभुभोजनाची भाकर नाही. तंबाखू किंवा मिश्री असेल तर सुटेपर्यंत भाकर नाही. आणि शेवटचा नियम, जो मी दुसऱ्या कुठल्याच मंडळीत पाहिला नाही: बायकोवर हात टाकला, तर तिनं स्वतः उभं राहून सांगेपर्यंत भाकर नाही. तो रडला म्हणून नाही. ती बोलली म्हणून.

लोक तुला नियमवाली म्हणायचे. येशूच्या घरात परत जुनं नियमशास्त्र आणलं म्हणायचे. त्यांना एक गोष्ट दिसली नाही. तू कोणाला एखादी गोष्ट सोडायला लावलीस, की त्याच दिवशी त्याच्या पोटाची सोय करायचीस. पार्वतीअक्काचंच बघ. विधवा बाई, गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायची. सगळ्या पेणमध्ये तिच्यासारखा हात नव्हता. विश्वासात आली तेव्हा तू तिला म्हणालीस, हे काम सोड. दुसऱ्या सकाळी ती तुझ्याकडं पापडाला बसली होती. तिला काम सोडायला लावायची गरज होती का, हे मला आजही पटलेलं नाही. तिनं ते रंग हातानं लावले, मनानं नाही, असं मी तुला किती वेळा म्हटलं. तू म्हणायचीस, "हात आन् मन येगळं असतं काय गो?"  पण तिची बोटं लाटण्यावर कशी अवघडायची ते मी बघितलंय.

मी आले त्याच महिन्यात तू दोन बायकांना घेऊन गडबला आलीस, माझी आणि सायलीची कपड्यांची पिशवी उचललीस आणि अनंतला दारात सांगितलंस, "ही माझ्याकडं राहील. तुला बायको पायजे तर रविवारी ये. मागं बस."

"तू कोण? देव हायस काय?" तो ओरडला.

"नाय. म्हणून तर पिशवी उचलायला लागते."

दोन महिने आम्ही तुझ्याकडं राहिलो. अनंत गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राहायचा नि परत जायचा. मग एका रविवारी तो आत आला आणि मागच्या बाकावर बसला. त्यानंतर त्यानं माझ्यावर कधी हात टाकला नाही. एवढं मी तुझ्या नियमाचं ऋण मानते आणि मरेपर्यंत मानेन. वर्षभरानंतर मी स्वतः उभी राहिले आणि सगळ्यांपुढं बोलले, हा आता मारत नाही. तेव्हा तू पटकन पाणी प्यायला आत गेलीस.

पण दारू सुटली नाही. आणि इथूनच आपलं भांडण सुरू झालं.

तुझे तीन महिने. अनंत सात आठवडे काढायचा, नऊ आठवडे काढायचा, एकदा अकरा काढले. मग एक दिवस पडायचा आणि तू म्हणायचीस, आज पहिला दिवस. सगळं परत शून्यातून. मी त्याच्याबरोबर राहत होते, मला दिसत होतं काय होतंय ते. एका पेल्यानं अकरा आठवडे गेले की तो म्हणायचा, "गेलेच ना? आता एक पेला काय नि दहा काय." आणि मग आठवडाभर प्यायचा. मी तुला म्हटलं, मावशी, ही मोजणीच त्याला पाजते. तू चिडलीस. "दारू त्याला पाजते. मोजणी पाजते म्हणं! उद्या बोलशील, काटा बघून वजन वाढतं."

आणि तो रविवार. सहा वर्षं झाली, पण मला त्या दिवशी कोण कुठं बसलं होतं तेसुद्धा आठवतं. आदल्या दिवशी त्याच्या चुलतभावाची हळद होती. अनंतचे दहा आठवडे झाले होते. तो हळदीहून आला, मुकाट झोपला. मला वास आला होता, मी काही बोलले नाही. सकाळी मंडळीत, कोणी विचारलं नव्हतं, कोणाला कळलंही नसतं, आणि तो मागच्या बाकावरून उभा राहिला.

"काल मी प्यालो. कोणी पाजली नाय, मीच मागून घेतली. घरी जाऊन कोणाला तरास दिला नाय. पण प्यालो."

आठ वर्षांच्या संसारात तो पहिल्यांदा स्वतःहून खरं बोलला होता.

तू त्याच्याकडं बघितलंस आणि म्हणालीस, "मागंच बस. आज पहिला दिस."

तो परत बसला. त्याची मान मला नुसती दिसली तरी कळतं. तो इथून उठून सरळ प्यायला जाणार, हे मला दिसलं. भाकरीचं ताट माझ्यापर्यंत आलं. मी माझा तुकडा घेतला, उठले, चालत मागच्या बाकापर्यंत गेले, त्याचे दोन भाग केले आणि एक त्याच्यापुढं धरला. "घे."

"सुनंदा," तू म्हणालीस.

"मावशी, तो आज खरं बोललाय. खरं बोलल्यावर उपाशी ठेवायचं?"

"शिक्षा नाय ती. शिस्त हाय."

"मग लपवलं असतं तर तीन आठवड्यांनी पुढं बसून त्याला भाकर मिळाली असती. ही कसली शिस्त?"

   तू ताट खाली ठेवलंस आणि दाराकडं बोट केलंस. "बाहेर जा. दोघंबी."

आम्ही गेलो. अनंतच्या मुठीत तो तुकडा होता. त्यानं तो खाल्ला की नाही, मी विचारलं नाही.

आम्ही रोह्याला आलो. अनंतला कंपनीत कंत्राटी काम मिळालं, आणि घराजवळच एक मंडळी जमायची तिथं आम्ही जाऊ लागलो. तिथले पाळक तरुण होते, बोलणं गोड. पहिल्याच रविवारी म्हणाले, देव आता तुमच्या पापाकडं बघतच नाही, त्याला फक्त त्याचा पुत्र दिसतो. मी तोंडात पदर धरून रडले. वाटलं, हेच तर मी मावशीला सांगत होते. तिथं मागचा बाक नव्हता, कागद नव्हता. ताट आलं की सगळे घ्यायचे. तुला मनातल्या मनात मी म्हणायचे, बघ, असं असतं.

सहा महिन्यांत अनंतनं शनिवार धरला. दर शनिवारी संध्याकाळी प्यायचा आणि रविवारी सकाळी अंघोळ करून सगळ्यांच्या पुढं हात वर करून गायचा. मी काही म्हटलं की हसायचा. "कृपा हाय गो. तुझ्या मावशीचं डोस्क्यातनं काढ." मी पाळकांकडं गेले. ते म्हणाले, "ताई, त्यांचं देव बघेल. तुम्ही मनात कडूपणा ठेवू नका." पुढच्या शनिवारी त्यानं सायलीच्या थोबाडीत मारली. आठ वर्षांची पोर, पाण्याचा तांब्या सांडला म्हणून. दुसऱ्या दिवशी हा पहिल्या रांगेत डोळे मिटून गात होता आणि माझ्या शेजारी सायली गालावर हात ठेवून बसली होती. मला तेव्हा तुझा शेवटचा नियम आठवला. इथं त्या पोरीला कोणी विचारणार नव्हतं.

सोमवारी सकाळी मी सायलीला घेऊन रोह्याहून पेणच्या गाडीत बसले. दीड वर्ष आपण बोललो नव्हतो. वाटेत मी किती बोलणी तयार केली. तू दार उघडलंस, सायलीचा गाल बघितलास. मी वाट बघत होते, आता म्हणशील, कळलं? कोण बरोबर होतं? तू तसं काही म्हणाली नाहीस. सायलीला आत नेलंस, भात वाढलास. ती झोपल्यावर माझ्यासमोर बसलीस आणि तुझ्या पोराबद्दल सांगितलंस.

पाच वर्षं मी तुझ्या घरात वावरले आणि तुला पोरगा होता हे मला माहीत नव्हतं. विलास. मिठागरावर कामाला होता, तुझ्यासारखाच. प्यायचा. तू त्याला वाढलंस, त्याची ओकारी काढलीस, मुकादमाला सांगितलंस की पोरगा आजारी आहे. शेजाऱ्यांना सांगितलंस ताप आहे. बत्तीसाव्या वर्षी गेला.

"मी त्याला कधी नाय बोलले नाय गो," तू म्हणालीस. "एकदाबी नाय. रोज माफ केला. मी माफ करत गेले, तो पीत गेला. तो कागद हाय ना भिंतीवर, ते सगळं मला विलासला बोलायचं होतं."

तू त्या कागदाकडं बघत पुढं बोललीस.

"त्या दिशी तू अनंतला भाकर दिलीस, तवा मला वाटलं मीच परत विलासला वाढतेय."

मावशी, तेव्हा मी तुझे पाय धरायला हवे होते. पण तू मला भांडायला शिकवलं होतंस. मी म्हटलं, "मावशी, नाय बोलणं आणि बाहेर काढणं एक नाय. तू विलासला नाय बोलली नाहीस, हे खरं. पण तो मेला तो तू जेवायला घातलंस म्हणून नाही."

तू सायलीचं रिकामं ताट उचलून ठेवलंस. मग म्हणालीस, "तुला येतं काय असं? नाय बी बोलायचं, आन् बाहेर बी नाय काढायचं?"

"माहीत नाय."

"मग करून दाखव."

तू रागानं म्हणालीस की आशेनं, मला आजवर कळलेलं नाही. पण मी ते धरून उठले.

घरी आल्यावर मी अनंतला शुद्धीत असताना समोर बसवलं. म्हटलं, पिऊन आलास तर दार उघडणार नाही. पडवीत झोप. सकाळी दार उघडेन, चहा देईन, आणि तू जे झालं ते सायलीसमोर खरं सांगायचं. शून्यातून मोजणी नाही. पडलास तर जिथं पडलास तिथून उठायचं. आणि सायली स्वतः बोलेपर्यंत तू मंडळीत पुढं उभं राहून गायचं नाही. तो म्हणाला, "ही मावशीचीच भाषा." मी म्हटलं, अर्धी तिची आहे, अर्धी माझी.

पहिल्या वर्षी तो सहा वेळा पडवीत झोपला. मीच मोजलं, त्याला सांगितलं नाही. मग मी त्याच्या बरोबरच्या मोहनला भेटले. तो आमच्या मंडळीतला, त्याच शिफ्टचा. त्याला म्हटलं, गेटपासून घरापर्यंत ह्याच्याबरोबर चालत येशील का? मोहन चालला. रोज. दुकान आलं की दोघं रस्ता ओलांडायचे. आणि आम्ही सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरकडं गेलो, त्यांनी गोळ्या दिल्या. हे तुला कळल्यावर तू काय भडकलीस! "गोळीनं पाप जातं काय? मग येशू कशाला आला, औषधाचं दुकान टाकायचं!" मी म्हटलं, तुझ्या बीपीची गोळी घेतेस ना, ती काय अविश्वास आहे? दोन आठवडे तू फोन उचलला नाहीस. तिसऱ्या आठवड्यात स्वतः फोन करून विचारलंस, "गोळ्या घेतो काय वेळेवर?"

त्यानंतर तू एकदाच आमच्या घरी आलीस. अनंत शिफ्टवरून आला, चप्पल काढता काढता म्हणाला, "आज दुकानापाशी पाय थांबले. मोहन दोन मिनटं नुसता उभा राहिला माझ्यासंगं. मग आलो." तो रोज असंच सांगतो, म्हणून मी भाजी चिरत राहिले. तू मात्र त्याच्याकडं बघतच राहिलीस. जाताना त्याच्या डोक्यावर हात ठेवलास. पण पेणच्या मंडळीत ये म्हणाली नाहीस. मीही विचारलं नाही. दोघींचा हट्ट सारखाच.

आता ते सांगते जे सांगायला मला सगळ्यात जड गेलं.

तू जायच्या आधीच्या बुधवारी मी पेणला आले तेव्हा तू खाटेवर होतीस. पाय सुजलेले, श्वास लागलेला. तू म्हणालीस, पिठाच्या डब्यामागं हात घाल. एक छोटी पत्र्याची डबी निघाली. मी झाकण उघडलं आणि मला वास आला. मिश्री.

"माझीच हाय," तू म्हणालीस. "मिठागरावर होते तवापासून लावते. भूक मारायला सुरवात केली. मंग सुटली नाय. चार-चार दिस सोडायची, परत लावायची."

"पण मावशी, भाकर…"

"मी खाल्ली नाय."

मला कळेना. तू समजावून सांगितलंस, एखाद्या पोरीला समजावावं तशी. ताट तू फिरवायचीस. सगळ्यांचं झालं की ताट घेऊन आत जायचीस. सगळ्यांना वाटायचं मावशी शेवटी खाते. मावशी खातच नव्हती. स्वतः लिहिलेला नियम तू स्वतःला लावला होतास. अठरा वर्षं, मावशी. अठरा वर्षं तू दुसऱ्यांना भाकर वाटलीस आणि आत चुलीपाशी एकटी उपाशी उभी राहिलीस.

मला इतका राग आला की काय सांगू. तुझ्यावर, त्या कागदावर. एवढी वर्षं मी तुला निष्ठुर म्हणत होते आणि तू सगळ्यात जास्त निष्ठुर कोणाशी होतीस, तर स्वतःशी. मी म्हटलं, "आत्ता देते. घरात भाकर आहे, मी प्रार्थना करते, तू खा."

"चोरून नाय खायची," तू म्हणालीस. "लय लपवलं. रविवारी सगळ्यांसमोर बोलते, मंग खाते. आन् मी नाय पोचले रविवारपर्यंत, तर तू बोल. लपवू नको."

"मावशी…"

"आन् अनंतला घेऊन ये."

"त्याला कुठं बसवू?" मी विचारलं.

तू हसलीस. दात काळे पडलेले. एवढी वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होते आणि मी बघितले नव्हते. "ते बघू," म्हणालीस.

शुक्रवारी सकाळी तू गेलीस.

मी तुझं ऐकायला नको होतं. देवाला रविवार लागतो काय? हा प्रश्न मला त्या बुधवारी सुचला नाही, गाडीत बसल्यावर सुचला, कासू स्टेशन गेल्यावर. मी उतरून परत यायला हवं होतं. नाही आले. हे माझं मी तुला सांगून ठेवते. तुझ्याशी लपवणार नाही.

तुला पुरायला नेताना अनंतनं खांदा दिला. संध्याकाळी आम्ही रोह्याला उतरलो तेव्हा फलाटावरच तो थांबला. "सुनंदा, आज मला लय प्यावंसं वाटतंय." मी म्हटलं, मलासुद्धा काहीतरी फोडावंसं वाटतंय. मोहनला बोलावलं आणि आम्ही तिघं चालत घरी आलो. तो प्याला नाही. त्या दिवशी नाही.

पहिल्या रविवारी मला बोलायचा धीर झाला नाही. सगळे रडत होते, मीही रडले, घरी आले. आठवडाभर ते मला खात राहिलं. परवाच्या रविवारी मी अनंत आणि सायलीला घेऊन पेणला आले, उभी राहिले आणि सांगितलं. डबीचं, अठरा वर्षांचं, सगळं. तुझेच शब्द वापरले. 

 मग पार्वतीअक्का उठली. तुझ्या कागदाची सगळ्यात कडक राखणदार. माझ्या पदराला मिश्रीचा वास येतो का, हे बघायला माझ्या जवळ बसायची ती. तिनं कमरेची पिशवी सोडली आणि एक डबी काढून ताटाशेजारी ठेवली.

"मी बी," म्हणाली. "मी तर खाल्ली दर रविवारी. तोंड धुऊन."

तिच्यामागं आणखी दोघी उठल्या. एक तर हसायलाच लागली रडता रडता. मावशी, तुझ्या घरात अनंतनंतर त्या दिवशी पहिल्यांदा कोणी पकडलं जायच्या आधी बोललं. मला कोणी सांगितलं नव्हतं, तरी मी पेन घेतलं आणि सगळ्यांसमोर कागदावरच्या भाकरीच्या ओळी खोडल्या. शेवटचा नियम ठेवला. तो मी असेपर्यंत राहील. तिथं मी कोणाचं रडणं ऐकणार नाही, ब्रदरचं नाही, पाळकांचं नाही. बाकी ज्याला सुटत नाही त्यानं सांगायचं आणि खायचं, आणि त्याच्याबरोबर रोज कोणीतरी चालायचं. हे मी ठरवलं. तुला पटलं नसतं. असतीस तर भांडली असतीस आणि मीही भांडले असते.

पण एक गोष्ट मला आधी कळली नव्हती. गडबचा दत्तू उठला. तंबाखूपायी सात महिने भाकरीवाचून बसलेला दत्तू. त्यानं ती खरंच सोडली, परत कधी लावली नाही. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"मंग आमी सात महिने उपाशी बसलो ते काय? पोरांसमोर, सासऱ्यासमोर? आन् हिकडं ह्या तोंड धुऊन खात होत्या!"

पार्वतीअक्कानं मान खाली घातली.  त्याचं खरं होतं. तुझ्या नियमानं त्याला खरंच बरं केलं होतं आणि मी तोच नियम त्याच्या डोळ्यांसमोर खोडला. तो बायको-पोरांना घेऊन निघून गेला. त्याच्या मागं त्याचा भाऊही गेला. दोन घरं, मावशी, तुझ्या पंचवीस माणसांतली.

उरलेल्यांना मी भाकर दिली. अनंतलाही. तो पुढं बसला नव्हता आणि मागंही नाही, भिंतीला टेकून सायलीजवळ बसला होता.

उद्या अनंतची सुट्टी आहे. उद्या मी गडबला दत्तूकडं जाणार आहे. काय बोलणार ते ठरलेलं नाही. त्याला चूक म्हणायचं नाही, एवढं ठरलंय. त्याचे सात महिने वाया गेले नाहीत हे सांगायचंय, आणि आता ते दुसऱ्या कोणाला सोसायला लावायचे नाहीत हेही. दोन्ही एका तोंडानं कसं सांगायचं ते मला येत नाही. दार लावून घेईल. मग परत जाईन.

आत्ताच अनंत शिफ्टवरून आला. मी काय लिहितेय म्हणून वाकून बघितलं, शेवटच्या ओळी वाचल्या. चप्पल अजून पायातच होती.

"मी बी येतो," म्हणाला.

"तू कशाला? तुझ्या भाकरीसाठीच मी नियम खोडला, असं त्याला वाटत असणार."

"म्हणून. तू बाहेरून दार वाजवशील. मी बी भाकरीवाचून बसलेला हाय गो, अशा माणसाला आतून काय वाटतं, ते मलाच ठाव."

आम्ही सकाळच्या गाडीनं निघतोय, मावशी.